ग्रीन माउंटन व्हॅली, उंद्री, फेज वन

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळ.
आजपासून शेती बंद. तशी मी करतच नव्हतो, पण आता जाहीर बंद. रिअल इस्टेटमध्ये उतरलोय. टेकडीखालचं आमचं बरड, जिथे कुसळांशिवाय काही उगवत नाही, तिथे प्लॉट पाडणार. पुण्यामुंबईची माणसं गावाकडे निघाली आहेत, मोबाइलवर रोज बघतो. निघालीच आहेत तर उंद्रीत का नको?
स्कीमचं नाव ठरलं: ग्रीन माउंटन व्हॅली, फेज वन. फेज टू शेजारच्या कारभारीकाकांच्या शेतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी.
घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "अबे, तिथं बकरी थांबत नाही, माणूस काय राहीन?" व्हिजन नाही.
लग्न होऊन आल्यावर आईने त्या बरडातले दगड वेचून बांध घातला, हे ती शंभरदा सांगते. आज सांगितलं नाही. म्हणजे संमती.

२३ सप्टेंबर
बायकोने, करिष्माने, अट घातली. दिवाळीपर्यंत एक तरी प्लॉट विका, नाहीतर नांदुऱ्याला माझ्या बाबांच्या दुकानात बसा. सासऱ्यांची, म्हणजे गुलाबरावांची, तिथे धान्याची अडत आहे. सासऱ्याच्या दुकानात बसणारा जावई म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. मी ताबडतोब अट मान्य केली. हरण्याचा प्रश्न येतोच कुठे?

२६ सप्टेंबर
साइटवर काम जोरात. चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर हद्दीचे दगड रोवले. घरात केशरी ऑइलपेंट उरला होता, तो दगडांना दिला. व्हायब्रंट दिसतो. रस्त्याने जाणारा थांबलाच पाहिजे.
थांबले. गावातल्या गीताबाईने डोक्यावरचा चाऱ्याचा भारा उतरवला, हात जोडले आणि गेली. मला एवढा मान गावात पहिल्यांदाच मिळाला.

२७ सप्टेंबर
प्लॉट नंबर एकच्या दगडापुढे कुणीतरी नारळ फोडलाय. वर तेल, शेंदूर. चावटपणा! आईला विचारलं, कोण आलं होतं तिकडे? "मले काय मालूम?" म्हणाली.
रात्री जेवायला नारळाची चटणी. भाजीचा कंटाळा आला असेल तिला.

३ ऑक्टोबर. घट बसले.
दगडाला झेंडूचा हार, लाल कापड, वर पत्र्याची सावली. बायकांची रांग. नावही पडलंय: प्लॉटोबा.
कारभारीकाकांची हरवलेली बकरी म्हणे दगडाला सांगितल्याबरोबर घरी आली. मी सगळ्यांसमोर खुलासा केला की हा हद्दीचा दगड आहे, मी स्वतः रोवलाय, स्वतः रंगवलाय. काका म्हणाले, "मंग? हात तुया, इच्छा त्याची."

५ ऑक्टोबर
दगड उपटायला मजूर तयार नाहीत. बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "तूच उपट. मी पायतो दुरून." उपटायला गेलो आणि कंबरेत कळ आली. गाव म्हणतं, प्लॉटोबा कोपला. मी म्हणतो, नस भरली.
आईने कंबर शेकून दिली. शेकताना हसत होती, पण तिला गुदगुल्या आठवल्या असतील.

७ ऑक्टोबर. झोपून.
झोपल्या झोपल्या आयडिया! दगड राहू द्यायचा. ब्रोशरमध्ये एक ओळ वाढवायची: ऑन-साइट टेंपल. शहरात यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. फवारणीचा पंप ठेवायची टिनाची खोली म्हणजे क्लब हाउस. मुरमाच्या खड्ड्यात पाणी आहेच, तो लेक व्ह्यू.

१३ ऑक्टोबर, रविवार
गिऱ्हाईक आलं! पुण्याचे ऋत्विक आणि योगिनी, दोघं घरून लॅपटॉपवर काम करणारे. त्यांना स्लो लाइफ पाहिजे. मी म्हटलं, आमच्याइतकं स्लो चिखली तालुक्यात कुणी नाही. हे मी मनापासून बोललो.
करिष्माने त्यांच्यासाठी मुद्दाम पनीर केलं होतं. त्यांनी आमच्या ताटातल्या भाकरी-ठेच्यावर हात मारला आणि दोघांचेही डोळे वाहायला लागले. ऑथेंटिक, ऑथेंटिक म्हणत पाणी पीत होते. बाबांना बांधावर बसवून फोटो काढला, मग पुन्हा उठवून, फेटा बांधायला लावून बसवलं. बाबा फेटा बांधत नाहीत. लग्नातला शोधून काढला.
काही शंका होत्या. कोंबडा सातनंतर आरवेल असं करता येईल का? भजनाचा भोंगा दुसरीकडे वळवता येईल का? म्हशींचा वास सकाळचाच असतो की दिवसभर? मी सगळ्याला "होऊन जाईल" म्हटलं. त्यांना गाव फार आवडलंय, फक्त गावात माणसं आणि जनावरं नकोत.
प्लॉटोबापुढे मात्र योगिनी हात जोडून उभी राहिली. डोळे मिटून. तिथे आई होतीच. आईने तिला प्रसाद दिला आणि देवाची सगळी कथा सांगितली. ही कथा मीही पहिल्यांदाच ऐकली. देव म्हणे टेकडीत फार जुना आहे, फक्त आता वर आला.
डील पक्की. जाताना ऋत्विकने मला मिठी मारली. आमच्याकडे अशी मिठी सोयरीक जुळल्यावर मारतात.

२१ ऑक्टोबर
पुण्याहून फोन नाही. मोठ्या निर्णयाला वेळ लागतोच.

२६ ऑक्टोबर
मीच फोन केला. ऋत्विक म्हणाला, योगिनीचं म्हणणं असं की इतकी पवित्र जागा विकायला काढताना दादांना काहीच वाटलं नाही का? दादा म्हणजे मी. त्यांनी पुण्यातच फ्लॅट घेतलाय, अकराव्या मजल्यावर. खाली व्हिलेज थीम आहे: शोभेची विहीर, शोभेची बैलगाडी. कोंबडा सिमेंटचा आहे, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नाही.
योगिनीने प्लॉटोबाचा व्हिडिओ टाकलाय म्हणे. लोकेशनसकट. म्हणजे फुकट मार्केटिंग. दिवाळी अजून यायची आहे.

३० ऑक्टोबर
मार्केटिंगचा परिणाम दिसतोय. धाड गावाहून जीप भरून लोक आले. नांदुऱ्याहूनही. प्लॉटबद्दल कुणी विचारलं नाही. नारळ कुठे मिळतो, एवढं विचारलं. गीताबाईने प्लॉट नंबर दोनवर नारळाचं दुकान लावलंय. भाडं मागितलं तर म्हणाली, "देवाच्या दारात भाडं मांगतं काय बे?"

१ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
एकही प्लॉट गेला नाही. नंबर एक गेला म्हणायचा, पण देवाला. नंबर दोन गीताबाईला. उरलेल्या फक्कीच्या रेषा बाबांनी सकाळीच नांगरून टाकल्या.
आईने बांधावर पणत्या लावल्या. एकेक दगड तिने हाताने चाचपला, जणू मोजून घेत होती. मला म्हणाली, "फराळ कर, गोकुळ. जमीन कुठं पळून गेली नाही." आज फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते नक्की कळलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार. नांदुरा.
दुकानात पहिला दिवस. सासरे हमालांसमोर "जावईबापू, जरा पोत्यावरून सरका" म्हणाले.
स्टेशनजवळ खोली घेतली. घरमालकाने खिडकी उघडून ट्रेन व्ह्यू दाखवला. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "होऊन जाईन." माणूस विश्वासू वाटला.
संध्याकाळी करिष्मा म्हणाली, रविवारी उंद्रीला जायचं, नवस फेडायला. कसला नवस? तर नवरात्रात ती प्लॉटोबाला बोलली होती, "यायले एका जागी कामाले लाव, पाच नारळ फोडीन." पावला. नारळ मी आणायचे, फोडायचेही मीच.
आईला फोन लावला. म्हणाली, "मले माहीत आहे, आम्ही दोघी संगंच तर गेलो होतो. एक नारळ चटणीले ठेवजो."
चिडणार होतो. मग शांतपणे विचार केला. एवढ्या लवकर नवसाला पावणारी जागा अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरी कुणी दाखवावी. लोकेशनमध्ये दम आहे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.