ठोकळ्याची मागची बाजू

१७ नोव्हेंबर, सोमवार

आणि वर म्हणते कशी, खेळणं फिरवत बसा! सहा आठवडे प्लास्टरात कुजवला माझा हात. आज प्लास्टर कापून काढलं तर आत काय — मेलेल्या पालीसारखा पांढराफटक. कातडं सुटतंय. वास असला की माझी मलाच किळस आली. आणि ती माया मॅडम, हाताचे व्यायाम घेणारी, हसते! "मावशी, बोटं आखडलीत. रोज एक पान लिहायचं. आणि घरात तो रंगीत क्यूब असला तर तो फिरवायचा. उजव्याच हातानं."

मी चौथी शिकलेली. पान काय लिहू, कपाळ? पण लिहिणार. कारण मला माझी सही परत पाहिजे.

दादासो भाऊबीजेला कागद घेऊन आला तेव्हा हात गळ्यात होता. बाबा गेले, सातबाऱ्यावर त्याच्या आणि आईच्या बरोबर माझं पण नाव लागलं. ते नाव सोडून द्यायचा कागद. हक्कसोड म्हणतात. मी नाही कुठं म्हटलं? आमच्याकडं सगळ्या बहिणी देतात. साडी घेतात, ओटी भरून घेतात, सही करतात आणि गप एसटीत बसतात. मी पण देणार होते. माहेर बंद कोण करून घेईल? पण हा म्हणतो, "आक्का, सही कशाला, डावा अंगठा चालतोय की!"

अंगठा! आईनं जन्मभर अंगठा दिला. मी सही शिकले ती कशाला? हात बरा होऊ दे म्हटलं. मग तारीख ठरली. १२ डिसेंबर, शुक्रवार, मेढ्याच्या रजिस्टर हापिसात.

तोवर ही बोटं सरळ झाली पाहिजेत. आत्ताचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. शी!

१८ नोव्हेंबर

ठोकळा काचेच्या कपाटातनं काढला. वीरधवलचा आहे, शाळेत असतानाचा. आता तो मिलिटरीत, आसामकडं. रंगाचे कागद चिकटवलेले आहेत त्याच्यावर, जुन्या पद्धतीचा. वर्षानुवर्षं विस्कटलेलाच पडला होता. राखीपौर्णिमेला दादासो आला आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "दाजी, तासाभरात जुळवून दावतो." आतल्या खोलीत जाऊन बसला. मी नारळी भात हलवत होते. बाहेर आला तो ठोकळा हातावर धरून — "घ्या दाजी!" ह्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रमागावर जन्म गेला ह्यांचा, कान गेलेत, टाळी पण ढोल वाजवल्यागत. ठोकळा कपाटात ठेवला. आल्या-गेल्याला मीच सांगत होते, आमच्या दादानं जुळवलाय.

आज काढून बघते तर पुढून आणि वरून ठीक, मागून सगळी खिचडी! "आवं, ह्याला कुणी हात लावला?" तर म्हणतात, "मांजर शिकत आसंल." ह्यांनीच चाळा केला असणार.

२० नोव्हेंबर

फिरत नाही. आत कचकच वाजतं. दात खाल्ल्यासारखं. मनगटात कळ येते. उकिरड्यावर टाकावासा वाटतो.

२१ नोव्हेंबर

मोबाइलवर कुणीतरी शिकवतंय. हिंदीत. तोंड आहे का पट्टा? एवढं भरभर कोण बोलतं! "बहुत आसान है दोस्तों." तुझं आसान घाल चुलीत. बंद केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वीरधवलचा फोन. म्हटलं तुझ्या ठोकळ्यानं जीव खाल्ला. एवढा हसला! मग म्हणाला, "आई, व्हिडिओ बघू नको. मी सांगतो तसं कर. दर बाजूच्या मधोमध एक रंग असतो, तो जागचा हलत नाही. पिवळ्याच्या समोर कायम पांढरा. आधी पिवळ्याच्या चारी बाजूंनी पांढऱ्या पाकळ्या आण. शेवंतीचं फूल कर."

"आणि मग?"

"मग एकेक पाकळी घ्यायची. तिच्या कडेला दुसरा रंग असतो, तांबडा म्हण, हिरवा म्हण. ज्या बाजूचा मधला रंग तोच असंल तिथं ती न्यायची आणि फिरवून खाली सोडायची. चारी गेल्या की फोन कर."

हे नीट सांगितलं. भाकरी थापायला शिकवावी तसं. बापावर गेला नाही, देवाची कृपा.

२६ नोव्हेंबर

फूल झालं! मधी पिवळं, भोवती चार पांढरे. दीड दिवस लागला. एक आणावी तर दुसरी पळते. मला घाम फुटलेला, आणि हे चहा मागत दारात. "आवं, शेवंती बघा!" तर म्हणे, "लगीन हाय का कुणाचं?"

बोटं मात्र आज वाटीची कड धरतात.

२७ नोव्हेंबर

तीन पाकळ्या सोडल्या खाली. तांबडी तांबड्याला, हिरवी हिरव्याला, निळी निळ्याला. चौथी बसत नाही. तिच्या कडेला पिवळा आहे. आता पिवळा तर वर, फुलाच्या मधी! मग हिला न्यायची कुठं? केशरीला नेली, नाही. परत गोल फिरवली. नाही. चाळीसदा केलं असेल. वीट आला. बुद्धीच नाही मला, दुसरं काय.

त्यात पल्लवीचा फोन, दादासोच्या बायकोचा. "वन्सं, हात सुटला न्हवं? बारा तारीख ध्येनात हाय न्हवं? साडी घिऊन ठेवलीया बघा, हळदी रंगाची, मोरपंखी काठ." हात दुखतो का, हे विचारायला तोंड नव्हतं. हात सुटला एवढंच पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं विस्कटून पहिल्यापासून केलं, तीनदा. तीच पाकळी अडते. शेवटी लाज गिळून दादासोला फोन लावला.

"दादा, तू कसा जुळवलास रं? माझी एक पाकळी बसंना."

तर म्हणाला, "आक्का, त्याला डोकं लागतं. ते तुझं काम न्हवं. तू फकस्त सही गिरव."

ठेवला फोन. खरं असेल त्याचं. तोच हुशार आमच्यात. तो झाला तेव्हा आई भात लावायला खाचरात आणि मी ह्याला काखेला मारून बांधावर. शाळेची घंटा ऐकू यायची तिथवर. चौथीनंतर परत गेलेच नाही. त्याला डोकं आलं, मला काखेत वळ.

आज लिहायचं नाही एवढंच ठरवलं होतं. लिहिलं.

३ डिसेंबर, बुधवार

हाताला तेल लावून फिरवत होते. तेलानं एक पांढरा कागद सुटला. परत लावायला गेले तर त्याच्या खाली, डिंकात, काहीतरी चमकलं. नखानं ओढलं. सोनेरी जर. तिला तांबडा दोरा पिळलेला.

ती राखी मी ओळखणार नाही? गणपती पेठेत उन्हात उभं राहून तिसऱ्या दुकानात घेतलेली. दादासोच्या मनगटाला मी बांधलेली, ठोकळा जुळवला म्हणाला त्याच दिवशी सकाळी.

चष्मा लावून सगळा ठोकळा बघितला. निम्म्याअधिक कागदांच्या कडा उचललेल्या, नखाचे ओरखडे. जुळवला कुठं त्यानं! कागद सोलले. कपाटात दिसणार तेवढ्या बाजूंचे रंग मागनं ओरबाडून पुढं डकवले आणि उरलंसुरलं कसंही मागं लावून टाकलं. कपाटात मागची बाजू भिंतीकडं. कोण बघतंय!

वीरधवलला विचारलं, एकाच तुकड्यावर पांढरा आणि पिवळा असतो का रे? म्हणाला, "न्हाई आई, ते समोरासमोरचे. तसा तुकडाच नसतो."

नसलेला तुकडा मी आठ दिवस बसवत होते! आणि हा मला म्हणतो डोकं लागतं. लाज न वाटता म्हणाला.

हसू आलं नाही. किळस आली. प्लास्टर काढताना आली तशी.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी जर हातात घेऊन बघितली. एवढंच म्हणाले, "मी टाळ्या वाजवल्या की गं."

५ डिसेंबर, शुक्रवार

मागची बाजू बघायची सवय लागली म्हणायची. हक्कसोडीच्या कागदाचा फोटो त्यानं दिवाळीत मोबाइलवर पाठवला होता. तो काढला. एकच पान. माझं नाव, बाबांचं नाव, खाचराचा नंबर. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय — पान चारपैकी एक.

फोन केला. "दादा, बाकीची तीन पानं पाठव."

"आगं, तीच ती भाषा असती सरकारी. तुला काय कळणार हाय?"

"न कळू दे. बघू दे."

"कोण शिकवतंय तुला? दाजींनी कान भरलं व्हय?"

"दाजींचे कान आधीच गेलेत. तू पानं पाठव."

"पाठवतो की. संध्याकाळी."

संध्याकाळ झाली. रात्रीचं जेवण झालं. भांडी पण घासून झाली, उजव्या हातानं.

६ डिसेंबर

पानं नाहीत. पल्लवीनं साडीचा दुसरा फोटो पाठवलाय, पदर उलगडून.

७ डिसेंबर, रविवार

आईला फोन केला. आई म्हणजे मनुबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, फोन उलटा धरते. आधी भाताचं बोलली. मग कोंबडी कुत्र्यानं नेली ते. मग मी विचारलं, पेन्शनचं काम झालं का? बाबांची मिलिटरीची पेन्शन तिला मिळते. दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा अंगठा द्यावा लागतो, हयातीचा दाखला.

"झालं की. दोनदा झालं."

"दोनदा? कशाला?"

"मला काय म्हाईत बाय. येकदा पोस्टात, दिवाळी झाल्यावर. मग परत दादानं गाडीत बसीवलं. मशीन बिघडलीवती म्हणाला. ह्या बारीला मेढ्याच्या हापिसात. माझा फोटू काढला. लय माणसं व्हती. दोघं जण आपल्याच गावची, साक्षीला हुबी."



"आई, कुणाच्या साक्षीला?"

"माझ्याच की! मग येताना भजी दिली त्यानं. गरम व्हती."

हयातीच्या दाखल्याला साक्षीदार कशाला लागतात? पोस्टात कुणी साक्षीला उभं असतं का? जिवंत म्हातारी समोर बसलीय, तिची साक्ष तीच! ते हापीस कुठलं, ते मला कळतं. त्याच हापिसात मला बारा तारखेला बोलावलंय.

आईच्या नावावर राहतं घर आहे. त्यातली आतली खोली, चूल, आणि खाचराचा तिचा हिस्सा. दुसरं जगात काही नाही. माझं मी देत होते. साडी नसती दिली तरी दिलं असतं. पण तिचं भज्यांवर घेतलं असेल तर? उद्या पल्लवीशी वाजलं, तर ही म्हातारी जाणार कुठं?

आणि आई सांगते कशी, "दादा लय करतो गं माझं."

ह्यांना ओरडून सगळं सांगितलं. शेजारच्यांना पण कळलं असेल, कळू दे. मला वाटलं म्हणतील, तुमच्या घरचं तुमी बघा. उठून पिशवी शोधायला लागले. "सकाळच्या पयल्या गाडीनं जातो. मामींस्नी घिऊन येतो. चार दीस राहायला आणतोय म्हणीन."

"दादानं अडवलं तर?"

"मला कुठं ऐकू येतंय?"

८ डिसेंबर, सोमवार

चिठ्ठी लिहिली. उजव्या हातानं, एका दमात. फोटो काढून दादासोला पाठवली. इथं उतरवून ठेवते.

"दादा, ठोकळा मी मागून बघितला. तुझ्या राखीची जर आत निघाली. ती जपून ठेवलीय. आई दुपारपासून माझ्याकडं आहे, आत झोपलीय. तिचा दुसरा अंगठा कुठल्या कागदावर घेतलास? त्या कागदाचं आणि माझ्या कागदाचं, पान अन् पान पाठव, पुढून आणि मागून. बुधवारी दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे. नाही आलं तर शुक्रवारी मी आईला घेऊन मेढ्याच्या हापिसात येते, पण सही करायला नाही, आईचा अंगठा कशावर घेतला ते विचारायला. साडी पल्लवीलाच नेसू दे.

सही — आक्काताई."

सही चांगली आली. बुधवार. दिवे लागायच्या आत.