स्मारकाचा फोटो, अमावास्येच्या रात्री

अण्णा, परवा अमावास्येच्या रात्री मी तुमच्या स्मारकाचा फोटो काढला. दादाच्या स्मारकाचा म्हणायला हवं, नाव त्याचं आहे. पण गाव त्याला 'मास्तरांचा खांब' म्हणतं आणि गावाचं काही चुकत नाही. दादा सीमेवर मारला गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत दर पंधरा ऑगस्टला तिथे भाषण तुम्हीच केलंत. खालच्या फरशीवर देणगीदार म्हणून तुमचं नाव आहे. पाथरवटाने ते बारीक अक्षरात कोरलं होतं, तर तुम्ही फरशीच बदलायला लावलीत. भर उन्हात त्याला म्हणालात, "लांबून वाचता यायला पाहिजे." तुमच्या मुलाचं नाव लांबून वाचता येतं का, हे मात्र तुम्ही मागे सरून पाहिलं नाहीत.

ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात लावायला तारांगणासकट फोटो हवा होता. मी पुण्याहून कर्जतला आले आणि तिथून गावात. सरपंचांनी तासाभरासाठी शाळेजवळचा मोठा दिवा बंद करायला लावला. आपल्या माळावर अजून आकाश शिल्लक आहे, अण्णा. डोळे सरावले तशी खांबामागे आकाशगंगा दिसायला लागली. कॅमेरा तिकाटण्यावर लावला. अंधारात असा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा आणि तेवढ्यात कुणीतरी खांबावरून बॅटरीचा उजेड फिरवायचा. ते काम वहिनीने केलं. आता पन्नाशीला आली आहे ती. पदर खोचून ती खांबाभोवती फिरत होती आणि दादाचं नाव उजेडात हळूहळू उमटत होतं.

फोटो तिला दाखवला. खांब होता, अक्षरं होती, वर तारे होते. तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "मी कुठं हाय?"

"तू हलत होतीस ना, अंधारात. म्हणून आली नाहीस."

"आस्सं व्हय," ती म्हणाली. "मंजी हललं की सुटका. मला कुनी आदी सांगितलंच न्हाई."

ती हसली. मला हसता येईना. दर पंधरा ऑगस्टच्या फोटोत ती आहे. तुमच्या डाव्या हाताला, फिक्या पातळात, हातात तबक, नजर खाली. बाविसाव्या वर्षापासूनची. पाहुणे आले की तुम्ही तिला पुढे बोलवायचात, "ही आमची वीरपत्नी." आमची! तिला नाव होतं, अण्णा. तुम्ही ते वापरायचं सोडून दिलंत.

तिचे वडील आणि भाऊ आले तो दिवस मला लख्ख आठवतो. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत बसला आहात. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात, ती भाकरी थापते आहे. तिचे वडील टोपी हातात घेऊन म्हणतात, "मास्तर, पोरीचं वय काय हाय? आमी तिला न्यायला आलोय. शेवगावकडचा पाव्हणा बघितलाय. एष्टीत कंडक्टर हाय. त्याची बायको गेली, मूलबाळ न्हाई."

तुम्ही पेपराची घडी घातलीत. "शहीद जवानाची पत्नी आहे ती. उद्या कंडक्टरचा डबा भरणार? गावाला काय तोंड दाखवू मी?"

"गावाचं ऱ्हाऊ द्या. तिला तर इचारा."

"तिला काय विचारायचं? तिला कळतं तिचं कर्तव्य."

आत तव्यावरची भाकरी करपली. वहिनीने ती उलटली नाही. तिचे वडील चहा न घेता गेले. फाटकापाशी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण ती बाहेर आली नाही, कारण तुम्ही दारात उभे होतात.

परवा बॅटरी विझवून आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो, तेव्हा ती आपणहून बोलली. "वन्सं, त्यो मानूस मी बघितला हुता. बाजारच्या दिवशी. माज्या भावासंगं उभा हुता. केळी घेतली त्यानं आन् एक भिकारनीला दिलं. वाईट नसावा."

इतकंच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "माजा एक काडा. खांब नगं त्यात." मी बॅटरी पेटवून काढला. ती स्थिर बसली नाही, मुद्दामच मान हलवत राहिली. चेहरा पार पुसट आलाय, दात तेवढे दिसतात. तिला फार आवडला. ग्रामपंचायतीला मी खांबाचा दिला. सरपंच म्हणाले, मास्तर असते तर धन्य झाले असते. मीही हो म्हटलं.

आता उरलेलं लिहिते. ती माणसं गेली त्या रात्री तुम्ही मागच्या अंगणात माझ्याकडे आलात. तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणालात, "तुला काय वाटतं? धाडावं का तिला?" तुम्ही कधी कुणाला काही विचारत नसायचात. मला विचारलंत. आईला अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले होते. तिचं न्हाणंधुणं, हगणंमुतणं सगळं वहिनी करत होती. मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पुढच्याच आठवड्यात जायचं होतं. मी तुमच्याकडे न बघता म्हणाले, "कशाला, अण्णा? इथेच बरी आहे ती."

तुम्ही मान हलवलीत आणि आत गेलात. पुन्हा विषय निघाला नाही.

वहिनी आतल्या खोलीत झोपली आहे. इतकी वर्षं तिला वाटतं, तुम्ही एकट्याने ठरवलंत. मी वाटू दिलंय. हे सगळं तिला लिहायला बसले होते आज. पहिल्या ओळीत तिच्या जागी तुमचं नाव घातलं.