सावलीत ठेवलेला पिस्टन

चाचा, आज एक इंजिन बांधलं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी पिस्टनचं माप घेताना तुम्ही पाठीमागं उभे आहात असंच वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

मास्तरांशी भांडून डिप्लोमा अर्धवट टाकला आणि पैठण रोडला तुमच्या गॅरेजात आलो, तेव्हा माझं डोकं कायम तापलेलं. त्यात ती. चारला तिचा क्लास सुटायचा, कोपऱ्यावर दोन मिनिटं बोलायला मिळायचं. त्या दिवशी तुम्ही मला नव्या पिस्टनचं माप घ्यायला सांगून नमाजला गेलात. पिस्टन बाहेर पत्र्यावर उन्हात पडलेला, हात लावला तर चटका बसावा असा. मला घाई. तसाच मोजला, त्या मापानं लेथवाल्याकडून सिलेंडर घासून घेतला आणि पळालो. गाडी चालू झाली ती खडखडतच. उन्हानं फुगलेला पिस्टन मोजला होता, तो थंड होऊन आकसल्यावर फट नको तेवढी मोठी झाली. गाडीवाला तुमच्यावर ओरडत राहिला. माप तुमच्याच हातून चुकलं, असं तुम्ही त्याला सांगितलंत. तो गेल्यावर मला एवढंच म्हणालात, "पहले ठंडा होन दे रे. पिस्टन बी, तू बी." मी पाना आपटून निघून गेलो, तीन दिवस फिरकलो नाही. चौथ्या दिवशी आलो तर तुम्ही काही न विचारता मायक्रोमीटर हातात दिलात.

आता तिचे वडील. लग्नाचं काढलं की ते म्हणायचे, आधी माझी गाडी धड करून दाखव, मग बसून बोलू. परवा गाडी घेऊन आले. इंजिन खोललं, नवा पिस्टन आणला, सिलेंडर लेथवाल्याकडून घासून घेतला. दोन्ही सारखेच गार व्हावेत म्हणून मी पिस्टन आणि सिलेंडर रात्रभर एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवले. आज दुपारी ते येऊन बघतात तर माझी मापंच चाललेली. म्हणाले, "कपडे शिवायलास का गाडीला?" जीभ वळवळली, पण चहा सांगितला. सिलेंडर वर, मधे, खाली, आडवा-उभा मोजला. पिस्टन खालच्या बाजूला, आडव्या पिनेशी काटकोनात. दोन्हींतला फरक हवा त्यापेक्षा अजून थोडा कमी होता. असाच बसवला तर तापल्यावर पिस्टन जाम होणार. पुन्हा लेथवाल्याकडं गेलो, केसभर घासून घेतलं, धुतलं, गार होऊ दिलं, परत मोजलं. कंपनीच्या कागदावरच्या हद्दीत बसलं, तेव्हा कुठं बांधायला घेतलं.

दुसऱ्या किकला इंजिन चालू झालं. ते वाकून ऐकत राहिले. कसला आवाज नाय. रुमालानं हात पुसत म्हणाले, "रविवारी घरी ये. आईला घेऊन ये."

चाचा, लई बरं वाटलं. तिला फोन केला तर ती नुसती हसत होती.

हा कागद तुमच्याकडं पोचायचा नाय, म्हणूनच एक सांगतो. जाताना त्यांनी विचारलं, एवढं बारीक काम शिकलास कुठं? मी पटकन बोलून गेलो, कॉलेजात. गॅरेजात शिकलेला पोरगा त्यांना हलका वाटेल म्हणून. रविवारी तुमचं नाव सांगणार आहे. चहा येण्याआधी जमलं तर आधी, नाहीतर नंतर.