कोठीतलं काळं केळं

मेघा,

परवा माझ्या चष्म्याखाली ठेवलेली तुझी चिठ्ठी मिळाली होती. "नाना, तनूचा मोबाईल बंद करायचा की नाही, तुम्हीच सांगा." उत्तर द्यायला म्हणून स्वयंपाकघरात येतो आणि पाणी पिऊन परत जातो.

आता पारोळ्याला अक्काला बघायला निघालोय, उद्या येईन. तेवढं एक सांभाळ. ज्वारीच्या कोठीत कच्ची केळी आहेत आणि त्यांच्यात एक काळं पडलेलं. वास आला तरी फेकू नकोस. पिकलेल्या केळ्यातून वायू निघतो आणि त्याने बाकीची लवकर पिकतात, हे मोबाईलवर वाचलेलं तनूला पडताळून पाहायचंय. खिडकीतली केळी तुलनेसाठी आहेत, धाकट्या स्वप्नीलला खाऊ देऊ नकोस.

मोबाईल अगदी बंद करू नये असं मला वाटतं. चुकतही असेन. आधी तिचा अंदाज ऐकावा, मग केळी बघावीत, आणि त्यानंतर दहा मिनिटं मोबाईल, तोही कोणीतरी शेजारी बसून. मी बसलो की मला डुलकी लागते आणि तास निघून जातो.

तू मोबाईल काढून घेतल्यापासून ती तुझ्याशी नीट बोलत नाही, हे दिसतं मला. पण काल म्हणाली, "कोठी मम्मी आल्यावरच उघडू, नाना." आज जरा लवकर ये.

दोनदा लिहून फाडलं. हे मात्र तुझ्या डब्याच्या पिशवीत टाकतो आणि लगेच निघतो, नाहीतर परत काढून घेईन.

नाना