दाऊद हमदुलेंच्या बंदुकीचा वारस

मी, अमीन दाऊद हमदुले, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ राहणार तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, गेली पंचेचाळीस वर्षे मुक्काम इब्रा, ओमान, धंदा गाड्यांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, आग्रह नाही. साखर वाढली आहे. डोकं जागेवर आहे.

१. माझ्या मिळकतीचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे पत्नी बिलकीस, मुलगा जिब्रान आणि मुलगी झरीन यांना मिळावेत. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. खाली वाटलेल्या वस्तूंपैकी वारस नसलेल्यांना दिलेल्या वस्तू उरलेल्या एक तृतीयांशातल्या आहेत.

२. गॅरेजमधली सगळी हत्यारं माझा कारागीर नुमान याला. अठरा वर्षं त्याने ती वापरली आणि पुसून जागेवर ठेवली.

३. माझी दुर्बीण आणि सात वह्या झरीनला. बिलकीस आणि जिब्रान दोघांनी याला होकार दिला आहे. या वह्यांत इब्राबाहेरच्या डोंगरातल्या एका पाणवठ्यावर येणाऱ्या चिंकारांची बावीस वर्षांची मोजणी आहे. ती मला माझे अर्बाब, म्हणजे इथले मालक, मरहूम सैफ बिन हमद यांनी शिकवली. तरुणपणी ते नावाजलेले शिकारी होते. जनावरं कमी झाली तेव्हा बंदूक खाली ठेवून ते त्याच डोंगराचे राखणदार झाले. मी एकदा विचारलं, "अर्बाब, शिकार सुटली याचं वाईट वाटत नाही?" ते म्हणाले, "माग काढणं कुठे सुटलंय? तेव्हा मारायला काढायचो, आता मोजायला काढतो." झरीन इथल्याच शाळेत शिकवते. तिने वर्षातून एकदा तरी मुलांना तिथे न्यावं आणि खुराचा ठसा ओळखायला शिकवावं.

४. माझ्या वडिलांची, म्हणजे बावांची, ठासणीची बंदूक. पीकसंरक्षणाचा परवाना त्यांच्यानंतर माझ्या नावे झाला. बंदूक गावाकडच्या पोलीस ठाण्यात जमा आहे. जिब्रानला ती मस्कतजवळ माबेलाच्या त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगायची होती. बेटा, तुझ्यावर राग नाही. पण ती शोभेची वस्तू नव्हे. बावांचे नियम होते: पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, गाभण मादीला मारायचं नाही, गरजेपेक्षा जास्त मारायचं नाही, आणि जखमी जनावर तसंच सोडून घरी यायचं नाही.

ही बंदूक मी माझा मेहुणा सिराज याला देतो. हे वाचून घरात सगळे चमकतील, म्हणून कारण लिहितो.

२००६ साली झरीनच्या साखरपुड्याला सिराज पिकअपमधून मांस घेऊन आला. तेव्हा तो इथेच ड्रायव्हर होता. "बकरं नाय, चिंकारा आहे, खास भाचीसाठी," म्हणाला. मी ताडपत्री उचलली. मादी होती, पोटात पिल्लू होतं. पाणवठ्यावरच मारली होती.

मी म्हटलं, "हे काय केलंस?"

तो हसला. "दुल्हाभाई, एवढं काय? आपले वाडवडील पण शिकारीच होते ना?"

"शिकारी होते. म्हणूनच त्यांनी असं कधी केलं नाही."

त्याच दुपारी मी सैफना कळवलं. सिराजला शिक्षा झाली, मग कायमचं भारतात पाठवलं. बिलकीस चार महिने माझ्याशी बोलली नाही. तक्रार केल्याचा मला आजही पस्तावा नाही. पण तुरुंगात मी त्याला एकदाही भेटायला गेलो नाही, गावी जाऊनही त्याच्या दारात गेलो नाही. बावांचा शेवटचा नियम मी माणसाच्या बाबतीत मोडला. ती चूक माझी.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास गावी गेलो, तेव्हा ऐकलं: सिराजच्या शेतात डुकरं शिरली होती. वन खात्याची परवानगी असलेल्या शेजाऱ्याने गोळी घातली. डुक्कर जखमी होऊन करवंदीच्या जाळीत गेलं. बाकीचे म्हणाले, मरेल आपोआप. सिराज, अठ्ठावन्न वर्षांचा, त्या शेजाऱ्याला घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्ताचा माग काढत फिरला आणि डुकराचे हाल संपवून मगच परतला.

मी त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता, दोन्ही हात काट्यांनी फाटलेले. मी पायरीशी थांबलो. मग तोच म्हणाला, "जखमी सोडून नाय आलो, दुल्हाभाई."

मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही चहा प्यालो.

सिराजने स्वतःच्या नावे परवाना काढावा, तोवर बंदूक ठाण्यातच राहू द्यावी. परवानगीशिवाय एक बारही काढू नये.

५. मरण येईल तिथेच लवकर मातीआड करावं, हा आपला रिवाज. माझा देह विमानाने कुठेही नेऊ नये. आजवर मला सैफच्या शेजारी, इब्राच्या कब्रस्तानात जागा हवी होती. पण सिराजला या देशात येता येणार नाही. ती वाट माझ्यामुळे बंद झाली. म्हणून पुढच्या महिन्यात व्हिसा रद्द करून मी आणि बिलकीस कायमचे गावी राहायला जात आहोत. इन्शाल्ला, मला मरण तिथेच येईल. जनाज्याला पहिला खांदा सिराजने द्यावा.

मजकूर मी वाचून पाहिला, साक्षीदारांना हिंदीत समजावून सांगितला आणि त्यांच्यासमोर सही केली.

अमीन दाऊद हमदुले

साक्षीदार:
१. दयानंद मोहिते, अभियंता, शेजारी
२. अम्मार बिन सैफ, वन्यजीव राखणदार

इब्रा, १४ नोव्हेंबर २०२५