राजानंद सरांना विचारलेला प्रश्न

भोकरदन,
शुक्रवार

प्रिय प्रेम,

जयभीम.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. मधे दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता. आमच्या शाळेतल्या शीतल बाई उद्या पहिल्या बसने संभाजीनगरला चालल्यात, त्यांच्या हातात हे देणार आहे, म्हणजे रविवारच्या आत तुला मिळेल. रविवारी तुला त्या मोठ्या गायन पार्टीला हो किंवा नाही सांगायचंय. चार महिने त्यांच्याबरोबर गावोगाव लीड गिटार वाजवायची आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून द्यायची. यातलं तू मला काहीच सांगितलेलं नाहीस. मला कसं कळलं तेच सांगायला बसलेय, पण एकदम सांगवत नाही.

कुंभार पिंपळगावची ती भीमजयंती तू विसरला नसशील. तुमच्या पार्टीतली अक्षता गात होती आणि तिने दम घ्यायच्या आधीच तू प्रत्येक ओळीवर वाजवत होतास. कार्यक्रमानंतर सगळे जेवायला बसले, आणि वरण वाढता वाढता मी बोलून गेले, "ती गाऊन राह्यली तर तू मधी मधी कशाला बोलतो रे? अन् तार ओढतो, ती सुरापर्यंत बराबर जातच न्हाई." धावड्याला माहेरी, माझ्या वडिलांच्या, आबांच्या पार्टीत असंच असायचं. ज्याचं चुकलं त्याला त्याच रात्री ताटावर सांगायचे, उद्यावर ठेवायचे नाहीत. आबांचा बँजो घाईत गेला की माझी आई भाकरी वाढताना त्यांनाही सोडायची नाही, आणि ते हसून आणखी अर्धी मागायचे. मला वाटलं, आपणही पार्टीचीच माणसं. पण आधी तुमचा ढोलकीवाला बबलू हसला, मग पंगत हसली. पुढे महिनाभर तो तुला 'मॅडमचा विद्यार्थी' म्हणत होता. तू त्या दिवसापासून घरात गिटार पिशवीतून काढली नाहीस.

तू शिकायला गेल्यावर फोनवर तुझे व्हिडिओ दिसायला लागले. प्रत्येकाखाली मी 'छान' लिहायचे. त्यापुढे लिहायची हिंमत नव्हती. पण तार अजून कमीच जात होती, रे. कणीक मळताना, वह्या तपासताना तो अपुरा सूर डोक्यात फिरत राहायचा आणि मी मनातल्या मनात तो वर ढकलत राहायचे. शेवटी एका मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या नावाने खातं उघडलं. नाव दिलं राजानंद.

हो, प्रेम. तुझे राजानंद सर म्हणजे मी.

पहिला निरोप लिहायला पूर्ण सुट्टी गेली. सुरुवात चांगली आहे, असं आधी लिहिलं, कारण ती चांगली होतीच. मग लिहिलं, दुसऱ्या ओळीनंतर ओढलेली तार सुराच्या अलीकडे थांबते. आधी तो सूर साधा वाजवून बघ, तोंडाने म्हण, मग ओढत तिथपर्यंत पोच. पाच मिनिटांत तुझं उत्तर आलं, 'बिलकुल बरोबर, सर.' जे मी ताटावर बोलले होते तेच हे. मला हसू आलं, आणि त्या दिवशी पाचवीच्या तासाला उशीर झाला.

मी कधी गिटार हातात धरलेली नाही. बोटं कुठे ठेवायची हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून जे ऐकू येतं तेवढंच सांगत गेले, आणि एका वेळी एकच. सूर गाठल्यावर लगेच हलवू नकोस, क्षणभर त्याला उभं राहू दे. गाणारी दम घेते तेवढीच जागा तुझी, बाकी वेळ हात तारांवर ठेवून ऐक. एका आठवड्यात तीच एक ओळ तू मला नऊ वेळा पाठवलीस. नववी आली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तार चढली, थांबली, आणि अगदी सावकाश थरथरली. ओला टॉवेल खांद्यावर तसाच राहिला, पाठ भिजली तेव्हा कळलं.

दीड वर्ष असं चाललं. दर वेळी ठरवायचे, आता सांगते, आणि दर वेळी तुझा पुढचा व्हिडिओ यायचा. मग तू सरांना एकदा लिहिलंस की आई नुसतं छान म्हणते, तिला माझ्या वाजवण्याचं काही पडलेलं नाही. त्यावर सरांनी काय लिहावं? मी लिहिलं, आईशी एकदा बोल. तू लिहिलंस, 'जाऊ द्या सर.' त्यानंतर तू रविवारी फोन करायचास तेव्हा जेवलास का, कपडे धुतलेस का, यापलीकडे मला काही विचारताच यायचं नाही.

आणि परवा तू राजानंदला विचारलंस, पार्टीबरोबर जाऊ की परीक्षा देऊ? 'तुम्ही सांगाल तसं करतो. घरी विचारणार नाही.' प्रेम, तू परीक्षा द्यावीस असंच मला वाटतं, हे तुला न सांगताही माहीत आहे. काल मी सरांच्या नावाने तेच लिहिलं. पार्टी कुठे जात नाही, आधी परीक्षा दे. तू ऐकलं असतंस. अंगठा पाठवायच्या बटणावर होता. आजवर सरांनी तुला जे सांगितलं ते मला ऐकू आलेलं होतं. हे मात्र ऐकू आलेलं नव्हतं, मला हवं होतं. मी ते पुसलं आणि कागद घेतला. रागावलास तर माझ्यावर रागाव, नऊ वेळा वाजवलेल्या त्या ओळीवर नको. ती तुझ्या बोटांनी वाजवली, माझ्या नाही. आणि फोन उघडून सरांच्या उत्तराची वाट बघू नकोस. तू ज्याला विचारलंस तो कुणी नाही. रविवारी काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझीच, या वेळी स्वतःच्या नावाने,
आई
ज्योत्स्ना