बाग वाचवण्याचा पराक्रम

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? पाणी उंबऱ्याशी येऊन परत गेलं हे तू फोनवर अशा थाटात सांगितलंस, जणू शेजारीण डोकावून गेली. असो. इकडे आम्ही सुखरूप आहोत (माझी अब्रू सोडून).

नदीकाठची आमची नवी इमारत खांबांवर उभी आहे. खाली नुसत्या गाड्या, आणि समोर सगळ्यांसाठी खुली असलेली खोलगट बाग. ती खोलगट आहे ती बांधणाऱ्यांच्या आळसामुळे, अशी माझी ठाम समजूत. तर परवा नदी चढली आणि काठावरच्या कट्ट्यात ठेवलेल्या फटीतून पाणी बागेत शिरू लागलं. नुकती कळ्या धरलेली रोपं, पोरांचे झोके, माझा रोजचा बाक... माझ्याच्यानं बघवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना (माणूस भला, पण कशालाही लगेच तयार) हाताशी धरलं, माणसं गोळा केली आणि पोती, फळ्या, कुणाचं तरी कपाट, जे सापडेल ते फटीत कोंबलं. तरी एक भोक उरलंच. तिथे मी घरातली कोरी करकरीत गादी आणून लावली. तुझी भावजय नको नको म्हणत जिन्यापर्यंत मागे आली, पण मी ऐकतोय कसला. टाळ्या पडल्या. मी दोन शब्द बोललोसुद्धा.

बोलत होतो तोवर पाणी बागेला वळसा घालून रस्त्यावरून आमच्या जिन्याशी आलं. माझी स्कूटर माझ्या देखत आडवी झाली. तेवढ्यात इमारतीच्या आर्किटेक्ट बाई गुडघाभर पाण्यातून आल्या. चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"काका, ही बाग बुडायलाच केलीय," त्या म्हणाल्या. "ती बुडते म्हणून तुम्ही कोरडे राहता."

मग तीच माणसं, तीच पोती, फक्त उलट्या दिशेनं. बाग भरली, रस्ता उतरला. रोपं पाण्यात तग धरणारी आहेत म्हणे, पुन्हा उभी राहतील. डॉक्टरांच्या गाडीत मात्र चिखल आहे, आणि ते हल्ली माझ्याकडे बघताना दात दाखवत नाहीत.

मांजराला माझ्या वतीनं गोंजार.

तुझा शहाणा भाऊ

ता. क. येताना तुझी गादी घेऊन ये. भोकात गेली ती तुझ्या खोलीसाठी आणलेली होती. हो, तुझी खोली. खिडकीतून बाग दिसते (सध्या तळं).

पुन्हा ता. क. आढेवेढे नकोत. मांजरही चालेल. काल पाणी उंबऱ्यावरून परत गेलं, पण दर वेळी जाईलच असं नाही. तुझ्या घरापुढे बुडायला बाग नाही, ताई.